शिजवलेलं

आठवड्याच्या बाजारात पैशाला जात नसते, असं म्हणतात. कोण म्हणतं ते आधी बघा. ज्याच्या घरचं लोणी, ज्याच्या घरची भाजी, ज्याच्या हातचा चहा आजवर कुणी परत केला नाही, तोच म्हणतो. आमच्या वस्तीतल्या एकाही बाईच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलेलं नाही.

मराठवाड्यातल्या आमच्या गावचा बाजार रविवारचा. आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांतली माणसं यायची. त्या बाजाराला एक नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण तहबाजारीच्या पावतीपेक्षा कडक पाळला जायचा. कच्चं चालतं, शिजवलेलं चालत नाही. महारवाड्यातल्या बाईनं मिरची विकली, चालते. कांदे विकले, चालतात. कोंबडी विकली, अंडी विकली, बकरी विकली, सगळं चालतं. त्या अंड्यांची भाजी करून विकायला बसली की चालत नाही. आणि उलट्या बाजूनं सगळं चालतं. त्यांनी शिजवावं, आपण पैसे मोजून खावं, त्याला कुणाची ना नाही. आपण सगळ्यांचं गिऱ्हाईक. आपलं गिऱ्हाईक कुणी नाही.

हे ध्यानात ठेवा दोस्तांनो, मग बाजाराची चव सांगतो. कारण चव होती, ती नाकारायची नाही. दलित लेखक म्हटला की त्यानं उपासमारच लिहावी, जिभेचं काही लिहूच नये, असं काही शहाण्यांना वाटतं. आम्हालाही जीभ होती.

बाजार भरायचा नदीच्या कोरड्या पात्रात. धान्याची ओळ वर, वाण्याच्या दुकानांना लागून. मग भाजी, मग मिरच्यांचे लाल ढीग, मग गाडगी-मडकी. त्याच्या खाली चांभारांची ओळ, त्याच्याही खाली मांगांची: दोरखंडं, दावी, केरसुण्या. सगळ्यात खाली, लिंबाखाली, मटण. बाजारात उतरत जाताना तुम्ही गावगाड्याची उतरंडच उतरत जायचे. कुणी आखून दिलेली नव्हती. ज्याला त्याला आपली जागा माहीत.

खाण्याची दुकानं मात्र मधोमध. तट्ट्याची पालं, दगडाची चूल, लोखंडी कढई. करडीच्या तेलाचा वास नदीच्या वळणावरूनच यायचा. तेव्हा आमच्याकडं करडीच खायची, पामतेल फार नंतर आलं. कढईत झारा फिरायचा, कांद्याचे भजे फुगून वर यायचे, आणि त्यावर मिठात घोळलेल्या तळल्या मिरच्या. शेजारी जिलेबी. पलीकडं परातीत गोडीशेव: जाड शेव, गुळाच्या पाकात घोळलेली, वाळली की पांढुरकी पडते आणि दाताखाली कटकन तुटते. रेवड्या, गुडदाणी, फुटाणे, मुरमुरे, लाल-पिवळी शेव. बाप दहा पैशे द्यायचा. दहा पैशात काय घ्यावं याचा विचार मी शुक्रवारपासून करायचो. गोडीशेव घेतली तर पुरते जास्त वेळ, पण भज्याचा वास सोडवत नाही. बहुतेक वेळा वास जिंकायचा.

भजे कागदाच्या पुड्यात मिळायचे. जुन्या वहीचा नाहीतर वर्तमानपत्राचा कागद. तेल कागदात उतरायचं, अक्षरं पारदर्शक व्हायची, आणि मी खाऊन झाल्यावर ती वाचायचो. पुड्याला विटाळ नाही. कारण पुडा परत येत नाही. कपबशी परत येते, ताटली परत येते, म्हणून त्यांना विटाळ. आमच्या लहानपणी आम्हाला जे काही बाजारात मानानं मिळालं ते असं, फेकून देण्याजोग्या भांड्यात. चहा नको वाटायचा. चहाची आमची कपबशी वेगळी, पालाच्या मागच्या कुडाला खोचलेली, कान तुटलेली. आपण काढायची, आपण धुवायची, वरून चहा ओतून घ्यायचा, पुन्हा धुऊन खोचायची. पैसे हातात द्यायचे नाहीत, फळकुटावर ठेवायचे. ते पैसे मात्र तो धूत नसे.

माझी आई चहाला कधी गेली नाही. ती म्हणायची, "भजे खावं, च्या पिऊ नये." तिला राज्यघटना माहीत नव्हती, तिला हे माहीत होतं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं ही सगळी नावं घालून लिहिलेली आहेत. १७ व्या कलमानं अस्पृश्यता गेली. १९५५ ला कायदा झाला, १९७६ ला तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव मिळालं. कपबशी होती तिथंच खोचलेली होती.

१९७२ च्या दुष्काळात बाजार बसला नाही असं नाही. बसायचा, पण विकायला माणसं जास्त आणि विकायला माल कमी. आई-बाप खडी फोडायच्या कामावर. अमेरिकेची लाल ज्वारी, मायलो, तिची भाकरी थापताना तुटायची. कामावर सुकडी मिळायची. त्या वर्षी भज्याचं एकच पाल लागायचं आणि आम्ही पोरं वाऱ्याच्या बाजूनं बसायचो.

आता लिंबाखालच्या ओळीबद्दल. आपल्या वस्तीचा खरा बाजार तिथं संध्याकाळी व्हायचा. चांगलं मटण गेलं की उरायचं ते आपलं: रक्ती, मुंडी, खूर, आतडी. थोडं लांब, नाल्यापलीकडं, मोठ्याचं. बाप संध्याकाळी पानात बांधून आणायचा. आई आतडी उलटी करून चुन्याच्या पाण्यानं धुवायची, तीन-तीन पाणी. रक्ती कांद्यात परतायची, थोडं मीठ, थोडं तिखट. गरम भाकरीवर घेतली की दुसरं काही लागत नाही. जास्तीचं मांस लांब पट्ट्या कापून मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घालायचं. त्या चान्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की निखाऱ्यावर भाजून खायच्या. चान्यांची दोरी दिसली की वाटेनं जाणारा वरच्या आळीचा माणूस नाकाला धोतर लावायचा. तोच माणूस बोंबलाचा वास आला तर 'आज कुणाकडं बेत आहे' म्हणून विचारायचा.

यात एक गुंता आहे, तो आपल्या पोरांनी नीट समजून घ्यावा. माझ्या आज्यानं मेल्या ढोराचं सोडलं. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ओढू नका, मेलेलं खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका. आमच्याकडं तेव्हा निजामी होती, बातमी पोचायला वेळ लागला, पण पोचली. आज्यानं गावाशी भांडण घेतलं, गावानं बलुतं बंद केलं, घरानं दोन वर्षं हाल काढले. ते सोडणं ही चळवळ होती. ते मांस वाईट लागतं म्हणून सोडलं नाही. ते ज्या अटीवर मिळायचं ती अट सोडली. पण पुढं आपल्यातल्याच शिकलेल्यांनी अट आणि चव एकाच टोपलीत घालून फेकून दिली. नोकरी लागली, कॉलनीत आले, आणि घरात रक्तीचं नाव काढायची चोरी झाली. पाहुणे आले की श्रीखंड. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ ला आलं, त्यात आपल्या मराठवाड्यातलं हे सगळं खाणं पाककृतींसकट लिहिलेलं आहे. आमच्या कॉलनीत ते पुस्तक मी चार घरी दिलं. दोन घरांनी वाचून परत केलं, एका घरानं न वाचता परत केलं, आणि एका म्हातारीनं ठेवून घेतलं. तिला वाचता येत नाही. नातीकडून वाचून घेते आणि चुका काढते.

त्याच २०१५ च्या मार्चात महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कायदा १९९५ ला सभागृहात मंजूर झालेला, वीस वर्षं राष्ट्रपतींच्या सहीवाचून पडला होता. २०१६ ला उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातून आलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा नाही असं सांगितलं. म्हैस-रेडा त्या बंदीत नाही. पण नाल्यापलीकडच्या ओळीत उभ्या असलेल्या बाईला पिशवी उघडून 'हे म्हशीचं आहे' हे कुणाकुणाला पटवून द्यायचं? ती ओळ आता बसत नाही.

तर मुद्दा शिजवलेल्याचा.

१९८१ चा उन्हाळा. मी औरंगाबादला मिलिंदला शिकत होतो. नामांतराचा ठराव १९७८ ला झाला, त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, त्याची राख अजून गरम होती. सुट्टीत गावी आलो आणि आम्ही अकरा पोरांनी ठरवलं, कपबशी मोडायची. एका रविवारी भर बाजारात मोठ्या हॉटेलात शिरलो, बाकड्यावर बसलो, चहा मागितला. मालक म्हणाला, "मागल्या बाजूला या." आम्ही म्हटलं, हितंच. गर्दी जमली. जमादार आला. आमच्यातल्या एकानं कायद्याचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. तासभर बाचाबाची झाली. शेवटी चहा आला, त्यांच्या कपात आला. पुढच्या रविवारी वस्तीतली म्हातारी माणसंसुद्धा तिथं जाऊन बसली. काही जण चहा पिऊन झाल्यावरही उठेनात. नुसते बसून राहिले. बाकड्याचा लाकडी काठ हातानं चाचपत होते. मालकाला काही फरक पडला नाही. उलट गल्ला वाढला. कुडाला खोचलेली कपबशी एकानं उपसून नदीच्या दगडावर आपटली, तिचा तुकडा आमच्यातल्या एकाकडं बरीच वर्षं होता.

दोन वर्षांनी, १९८३ ला, माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, बाजारात भज्याचं पाल टाकलं. दाजी वारले होते. दोन लेकरं. ती चिकलठाण्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होती, तिथं ती पन्नास माणसांचे भजे एका हातानं काढायची. मराठा, ब्राह्मण, माळी, सगळे कामगार मागून घेऊन खायचे. तिथं कुणी विचारलं नाही. कँटीन बंद पडलं, ती गावी आली आणि म्हणाली, येतं ते करते.

बेसन घरी दळलेलं. ओवा चोळून घातलेला. कांदा असा चिरायची की पाकळी पाकळी सुटावी, मीठ लावून ठेवायची आणि त्याच्याच पाण्यात पीठ कालवायची, वरून पाणी जवळजवळ नाहीच. मी आयुष्यात खूप ठिकाणचे भजे खाल्ले, ही गोष्ट मी भाऊ म्हणून सांगत नाही, खाणारा म्हणून सांगतो.

पहिल्या रविवारी सकाळी दहापर्यंत धंदा झाला. लांबच्या गावची माणसं, त्यांना ओळख नाही. पुडा घेतला, तिथंच खाल्ला, दुसरा मागितला. मग एक बाई पुढं झाली. चांगल्या घरची, नऊवारी, हातात पिशवी. पुडा हातात घेतलेला. विचारलं, "कोन्या गावची गं तू?"

"हितलीच."

"हितली? कोनाची?"

अक्कानं बापाचं नाव सांगितलं. ती खोटं सांगू शकली असती. कँटीनच्या गावाचं नाव सांगितलं असतं तरी भागलं असतं. बाईनं पुडा टाकला नाही, भांडली नाही, शिवी दिली नाही. पुडा फळीवर ठेवला, पैसे मागितले नाहीत, निघून गेली. एवढंच. बारा वाजेपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं. कढईत भजे तळून वर आले, परातीत ढीग साठला, आणि समोरून माणसं दुसरीकडं बघत जाऊ लागली.

आता ऐका. वस्तीतली माणसंही आली नाहीत. म्हंजे आली, उभी राहिली, 'कसं चाललंय पोरी' म्हणाली, एखाद्यानं पुडा घेतला, आणि चहाला मोठ्या हॉटेलात गेली. बाकड्यावर बसायला. दोन वर्षांपूर्वी मिळालेलं बाकडं होतं ते. आज्याला मिळालं नाही, बापाला मिळालं नाही. रविवार म्हंजे तिथं बसायचा दिवस झाला होता. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही, आजही येत नाही. अक्कालाही आला नाही. संध्याकाळी ती परात घेऊन घरी आली, आम्ही सगळ्यांनी भजे खाल्ले, वाटले, दुसऱ्या दिवशी कालवणात टाकून पुन्हा खाल्ले. तेव्हा ती मला म्हणाली, "तुमी त्येच्या बाकड्यावर बसायला भांडले. चांगलं केलं. आता त्याला माझ्या बाकड्यावर बसवा."

मी कायद्याची पुस्तकं धुंडाळली. आपल्याला हॉटेलात घेतलं नाही तर गुन्हा आहे. पण गिऱ्हाइकाला कुठलं कलम सांगणार, की हिचे भजे खा? पुढं २०१५ च्या दुरुस्तीनं ॲट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार घातलेला गुन्हा म्हणून आला. पण बहिष्कार कुणीतरी घालावा लागतो. अक्काच्या पालावर कुणी दवंडी दिली नव्हती, कुणी सभा घेतली नव्हती. माणसांनी फक्त माना वळवल्या.

ही अर्धी लढाई एका माणसानं फार आधी ओळखली होती. कोल्हापूरचे शाहू महाराज. त्यांच्याकडचा नोकर गंगाराम कांबळे याला पाण्याला शिवल्यावरून मारलं, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, वर गंगारामला भर वस्तीत हॉटेल काढून दिलं. 'सत्यसुधारक' नाव. गिऱ्हाईक येईना. तर महाराज स्वतः गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचे. गंगारामला बाकडं दिलं आणि त्या बाकड्यावर बसणारंही आणून दिलं. आमच्या बाजारात कुणी राजा नव्हता. सरपंच होता, तो तिकडून मिरच्या विकत घेऊन गेला.

अक्कानं सहा रविवार पाल लावलं. सातव्या रविवारी तिनं कढई विकली आणि मिरच्या कांडून चटणी विकायला बसली. काळा मसालाही करायची, येसरही. सगळं भाजलेलं, कोरडं. ते चाललं! पाण्याचा हात लागला नाही ना, मग चालतं. तीच बाई, तेच हात, उखळात कांडलेलं तिखट, ते चांगल्या चांगल्या घरात जाऊन आमटीत पडायचं. नऊवारीवाली बाई तर नेहमीची गिऱ्हाईक झाली, शेराला दोन आणे कमी कर म्हणायची. अक्का कमी करत नसे. या धंद्यावर तिनं दोन्ही पोरं शिकवली.

मी नोकरीला लागून औरंगाबादचाच झालो. शहराचं नाव २०२३ ला बदललं, जाफरगेटचा रविवारचा बाजार बदलला नाही. जुनं लोखंड, पान्हे, जुने कपडे, भाजी, कोंबड्या, सगळं एकमेकांच्या अंगावर पडलेलं. तिथं मी भजे खातो, नान-खलिया खातो, आणि कुणी कुणाला 'कोणाचा' म्हणून विचारत नाही. माझ्या आज्याला भरल्या कपात पहिला चहा मिळाला तो याच शहरात, एका मुसलमानाच्या हॉटेलात. शहराचा हा गुण मान्य करावाच लागतो. हल्ली मैदानांवर खाद्यमहोत्सव भरतात, शनिवार-रविवार. 'अस्सल गावरान' म्हणून पाटी, ठेचा-भाकरी, पिठलं, हुरडा. बचत गटांच्या बायका लांबून येतात. शहरी माणसं बोटं चाटून खातात. छान वाटतं. पण मी अशा मैदानांवर रक्ती शोधली, चान्या शोधल्या. ते गावरान नाही बहुतेक. आणि त्याच बायकांपैकी कुणी आपल्या गावच्या रविवारी कढई मांडली तर काय होतं, ते मैदानावरच्या गिऱ्हाइकाला माहीत असायचं कारण नाही.

हे जुनं झालं म्हणू नका. डिसेंबर २०२१ ला उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या पोरांनी दलित बाईनं शिजवलेला सरकारी आहार खायचं नाकारलं. धान्य सरकारचं, गॅस सरकारचा, हात तेवढा तिचा. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या ढाब्यांनी, गाड्यांनी मालकांची नावं पाटीवर लावावीत असा फतवा निघाला. सर्वोच्च न्यायालयानं २२ जुलैला त्याला स्थगिती दिली: काय शिजवता ते लिहा, कोण शिजवतो ते लिहायची सक्ती नको. तो फतवा मुख्यतः मुसलमानांसाठी होता. पण मी बातमी वाचली आणि मला नऊवारीवाली बाई आठवली. "कोनाची?" हेच सरकारी कागदावर टाइप केलेलं होतं.

आता अक्काचा नातू गावच्या बाजारात गाडा लावतो. लोखंडी गाडा, गॅसची शेगडी, कर्जावर घेतलेला. बाजार नदीतून उठून स्टँडमागच्या मैदानात आलाय, पन्नास-साठ खेड्यांची माणसं येतात, अर्धी पोरं मोबाइलमध्ये बघत खातात. भजे अक्काच्याच हातचे, म्हंजे तिनं शिकवलेले. गाड्यापुढं दोन बाकडी टाकली आहेत. त्यावर सगळ्या जातींची पोरं बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

घरात भांडण पाटीवरून आहे. पोरगा म्हणतो, 'जय भीम भजे सेंटर' अशी पाटी लावायची, निळी, वर बाबासाहेबांचा फोटो. लपून धंदा करायचा नाही. त्याची आई म्हणते, बाबासाहेब घरात आहेत, मनात आहेत, आधी गाड्याचे हप्ते फिटू दे. तो म्हणतो, हप्ते फिटल्यावर तू दुसरं कारण काढशील. ती म्हणते, सासूबाईंचं काय झालं ते तू बघितलं नाहीस. दोघंही मला विचारतात. मी कार्यकर्ता माणूस, मी पाटी लावा असं म्हणावं अशी पोराची अपेक्षा. मी अक्काकडं बघितलं. ती सत्तरीच्या पुढची, कानानं कमी ऐकते. तिला ओरडून विचारलं, पाटी लावावी का? ती म्हणाली, "भजे कोन तळतंय ते इचारा आधी. मीठ कमी पडतंय त्याचं."

पाटी रंगवून तयार आहे, कोठीत भिंतीला उभी आहे. मी गेल्या महिन्यात गेलो त्या रविवारी गाडा पाटीशिवायच लागला होता. भजे दोन वाजताच संपले.